फायटर मासा घरी पाळताना: पुण्यातल्या घरांमधून वारंवार येणारे प्रश्न

फायटर, फायटर फिश, बेट्टा. नाव कोणतंही घ्या, दुकानदार पुढे करतो तो एकच मासा. प्लास्टिकच्या पेल्यात पंख दुमडून बसलेला, लाल नाहीतर निळा. आणायला सोपा, ठेवायलाही सोपा, पण ‘काहीच लागत नाही’ इतका सोपा नाही. खालची उत्तरं पुण्याचं पाणी, पुण्याची थंडी आणि पुण्याचा एप्रिल डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

दुकानात तो पेल्यात राहतो. मग घरी मोठा टँक कशाला?

पेल्यात तो तग धरतो याचं कारण त्याच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा घड्या-घड्यांचा अवयव असतो. मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन या अवयवातून रक्तात जातो. त्यामुळे इतर मासे जिथे गुदमरतील तिथेही हा टिकतो.

पण श्वास वरून घेतला तरी मुक्काम पाण्यातच असतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया त्याच पाण्यात साठतो. पेलाभर पाण्यात तो साठायला फार वेळ लागत नाही. दुकानदार खाणं जेमतेम देतो, पाणी वरचेवर बदलतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मासा विकून मोकळा होतो. तुम्हाला तो दोन-तीन वर्षं सांभाळायचा आहे.

‘मूळचा तो डबक्यातच राहतो’ हे वाक्यही नेहमी ऐकू येतं. मूळचा तो मध्य थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. भातखाचरं, पाणथळ जागा, संथ ओढे ही त्याची वस्ती. (थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.) भातखाचर उथळ असतं, पण लहान नसतं. मावळातलं एखादं खाचर आठवून पाहा.

मग नेमका केवढा टँक?

एका माशाला किमान २० लिटर पाणी. १८ × १० × १० इंचाचा टँक काठोकाठ भरला तर साधारण २९ लिटरचा होतो. वरचे दोन इंच मोकळे सोडले आणि तळाची वाळू वजा केली की २०-२१ लिटर पाणी उरतं. काच ५ मिमी पुरते. टँक उंच घेण्यापेक्षा लांब घ्या, कारण लांब पंखांच्या माशाला श्वासासाठी दर थोड्या वेळाने वर यावं लागतं.

भरलेल्या टँकचं वजन सुमारे ३० किलो होतं. भिंतीवरच्या शोकेसच्या फळीवर तो ठेवू नका. खाली थर्मोकोल किंवा फोमची शीट हवीच, नाहीतर टेबलाच्या उंचसखलपणाने तळकाचेला तडा जातो.

गोल काचेचं भांडं नको. त्यात हीटर बसत नाही, फिल्टर बसत नाही आणि पाणी तासाभरात तापतं-निवतं.

टँक कोणत्या दिशेला ठेवावा? वास्तूप्रमाणे?

माशाच्या वास्तूचे नियम असे: खिडकीतून थेट ऊन येणार नाही, दार आपटून हादरे बसणार नाहीत आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर पोहोचणार नाही. हे तिन्ही जमत असेल तर दिशा तुमची तुम्ही ठरवा.

धुराचं गांभीर्याने घ्या. हा मासा खोलीतली हवा पितो आणि एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो. टँकशेजारी डासांची कॉइल, उदबत्ती, झुरळांचा स्प्रे नको. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर मासा झाकणाच्या डब्यात घालून दिवसभर दुसऱ्या घरी नेऊन ठेवावा, पंप बंद करावा आणि टँकवर प्लास्टिक घट्ट ताणावं.

नळाचं पाणी चालतं का?

चालतं, पण थेट नळातून नाही. शहराच्या बऱ्याच भागाला खडकवासला धरणसाखळीचं पाणी येतं. ते फार जड नसतं आणि फायटरला मानवतं. अडचण क्लोरीनची. तो माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतो.

तो घालवायचे दोन मार्ग. एक: रुंद तोंडाच्या बादलीत पाणी २४ तास उघडं ठेवायचं, मधून दोन-तीनदा ढवळायचं. दोन: अँटी-क्लोरीन. दुकानातल्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. घरी करायचं असेल तर सोडियम थायोसल्फेटचे १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवा आणि एका लिटरला दोन थेंब टाका. पाणी ढवळून पाच मिनिटांनी वापरता येतं.

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त जाणवतो, तेव्हा दोन्ही उपाय एकत्र करा. गुरुवारी पाणीपुरवठा बंद असला की शुक्रवारी सकाळी पाणी ‘उशिरा व कमी दाबाने’ येतं आणि सुरुवातीला मातकटही असतं. म्हणून पाणी बदलायचा वार शुक्रवार नको. बुधवारी रात्री बादली भरून ठेवावी. सोसायटीची टाकी धुतल्यावरही दोन दिवस थांबा, कारण ब्लीचिंग पावडर किती टाकली हे सांगायला कोणी येत नाही.

आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी आहे. ते?

पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या नव्या सोसायट्यांमधला हा नेहमीचा प्रश्न. बोअरचं पाणी बहुतेकदा जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरे थर धरत असतील तर पुरावा समोरच आहे. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजा (प्युरिफायरवाल्याकडे तो असतोच). आकडा ३०० च्या आत असेल तर काही करू नका. ५०० च्या वर असेल तर निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं पाणी मिसळा.

नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच टिकत नाही, अचानक घसरतो. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन आलेले असतात. ते लादी पुसायला ठीक.

पीएच ६.५ ते ७.५ उत्तम. ८ असला तरी बहुतेक मासे जुळवून घेतात. स्थिर ८ हा सारखा वरखाली होणाऱ्या ७ पेक्षा बरा. पीएच उतरवायची औषधं आणू नका.

आज टँक भरला, आजच मासा सोडला तर काय बिघडतं?

बहुतेक फायटर इथेच दगावतात, आणि खापर ‘मासाच कच्चा होता’ यावर फुटतं.

नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. जुन्या टँकमध्ये ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करून असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं आणि ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती उभी राहायला २६-२८ अंशांच्या पाण्यात चार ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात त्याहून जास्त.

पद्धत अशी: टँक भरा, फिल्टर आणि हीटर चालू करा, मासा आणू नका. रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. दोन आठवड्यांनंतर लिक्विड टेस्ट किटने दर तीन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया वर जाऊन उतरेल, मग नायट्राइट. खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं सलग काही दिवस आलं की निम्मं पाणी बदला आणि मासा आणा. शेजाऱ्यांचा निरोगी, चालू टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरला लावा. महिन्याचं काम आठवड्या-दीड आठवड्यावर येतं. मागायला लाजू नका, कचराच मागताय.

मासा आधीच आणून ठेवला असेल तर? रोज किंवा दिवसाआड ३० टक्के पाणी बदला, खाणं निम्मं करा, आणि टेस्टमध्ये अमोनिया ०.२५ पीपीएमच्या वर दिसला की त्याच दिवशी पुन्हा पाणी बदला. चार-सहा आठवडे हे चालवावं लागतं.

फिल्टर लागतोच का? प्रवाहाने तो भिरभिरतो.

लागतो, पण स्पंज फिल्टर. एअर पंपवर चालणारा, काळ्या स्पंजचा, दुकानातला सर्वात साधा. पाण्याला धक्का देणारा पॉवर फिल्टर लांब पंखांच्या माशाला दमवतो. मासा सतत कोपऱ्यात किंवा पानामागे दडून बसत असेल, तर पंपाच्या नळीवर छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह लावून हवा कमी करा. बुडबुडे एकेक मोजता येतील इतपत चालेल.

नळीत चेक व्हॉल्व्हही बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं, पंप जळतो किंवा रात्रभर फरशीवर तळं होतं. पंप टँकच्या पातळीच्या वर टांगला तर हा धोका राहत नाही. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा. नळाखाली धुतलात तर चार आठवड्यांची जिवाणूंची वस्ती एका मिनिटात संपली.

पुण्यात हीटर खरंच लागतो?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि छोट्या टँकचं पाणी पहाटे २० च्या खाली जातं. फायटरला हवं २५ ते २८. गार पाण्यात त्याचं पचन मंदावतं, रोगप्रतिकार ढेपाळतो, तो तळाशी पडून राहतो आणि खात नाही. लोक म्हणतात, ‘थंडीत सुस्तावलाय’. खरं तर तो आजारी पडायच्या उंबरठ्यावर असतो. दिवसा २६ आणि पहाटे २० हा झोका तर नुसत्या गारठ्यापेक्षाही वाईट.

२०-२५ लिटरला थर्मोस्टॅट असलेला ५० वॉटचा हीटर घ्या. २५ वॉटचा कडाक्याच्या रात्री कमी पडतो. विजेची चिंता नको: दिवसातले १२ तास चालला तरी ०.६ युनिट. टँकच्या मागच्या काचेवर तळाजवळ आडवा बसवा, फिल्टरच्या शेजारी, म्हणजे गरम पाणी पसरतं. पाण्यात बुडवून २० मिनिटं थांबा, मग स्विच लावा. २६ वर ठेवा.

हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, काचेचा साधा थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावा. हीटर बिघडतो तो दोन तऱ्हांनी: चालूच होत नाही, नाहीतर बंदच होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत मासा शिजतो. रोज सकाळी थर्मामीटरकडे एक नजर टाकली तर दोन्ही वेळेत कळतं.

पाणी बदलताना हीटर आधी बंद करून १५ मिनिटं निवू द्या. पाणी काढल्यावर गरम काच उघडी पडली की तडकते. आणि हीटर चालू असताना टँकमध्ये हात घालायचा नाही, कधीच.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंश होतं. बर्फ टाकू का?

नको. बर्फाने पाणी झपकन उतरतं आणि तितक्याच झपकन पुन्हा चढतं. टँकच्या झाकणाच्या जागी मच्छरदाणीचं कापड ताणा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहील असा तिरपा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पुण्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून माठात पाणी गार होतं तसंच हेही जमतं. पावसाळी दमट हवेत ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

पाणी रोज घटेल. घटलेल्या पाण्याच्या जागी शक्यतो आरओचं पाणी घाला, कारण वाफ उडते ती पाण्याची, क्षार तिथेच राहतात.

वीज गेली तर?

श्वासाचा प्रश्न नाही, तो वरून हवा घेतो. हिवाळ्यात टँकभोवती चादर गुंडाळा आणि खाणं देऊ नका. सात-आठ तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर पंप पुन्हा लावण्याआधी स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या.

खायला काय आणि किती?

हा किडे खाणारा मासा. फायटरसाठीच्या बारीक गोळ्या आणा. पाकिटावर पहिला घटक मासा, कोळंबी किंवा किडा असावा, गव्हाचं पीठ नव्हे. प्रथिनं ४० टक्क्यांहून जास्त. एक मिमीच्या गोळ्या सकाळी ३-४, संध्याकाळी ३-४. एका वेळचं खाणं साधारण त्याच्या डोळ्याएवढं. आठवड्यातून एक दिवस उपास. वार कोणता, ते घरच्या उपासाशी जुळवून घेतलं तर विसरायला होत नाही.

आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया किंवा डॅफ्निया (हे सगळे पाण्यातले बारीक जीव). जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नको. ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोगजंतू आणतात.

पोळीचा तुकडा, भात, बिस्किट, ब्रेड नाही. उकडलेला मटार हा सल्लाही सोडून द्या, तो गोल्डफिशचा उपाय आहे. खाण्याचं पाकीट पावसाळ्यात सादळतं, त्यावर बुरशी येते. छोटं पाकीट घ्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा.

घरात सगळे मिळून खायला घालतात, आजोबा सकाळी, मुलं शाळेतून आल्यावर, आई रात्री, आणि मासा प्रत्येकाला उपाशीच असल्यासारखा पाहतो. यावर उपाय एकच: दिवसाच्या गोळ्या सकाळी मोजून वाटीत काढायच्या. वाटी रिकामी, विषय संपला.

डासांच्या अळ्या घातल्या तर? फुकट आणि ताज्या.

त्याला त्या फार आवडतात. पण त्यासाठी गॅलरीत पाणी साठवू नका. चार अळ्या नजरेतून सुटल्या की त्यांचे डास होतात, आणि पावसाळ्यात डासांची पैदास शोधत फिरणारे महापालिकेचे कर्मचारी दंड करतात. तो रास्तच आहे. टँकमध्ये मासा असताना अळ्या मात्र होत नाहीत, ती भीती बाळगू नका.

आठवडाभर कोकणात चाललोय. मासा?

धडधाकट मोठा मासा पाच-सहा दिवस उपाशी राहू शकतो. निघण्याच्या दोन दिवस आधी २५ टक्के पाणी बदला, हीटर तपासा. पाण्यात विरघळणारे ‘हॉलिडे फूड’चे ठोकळे टाकू नका, ते पाणी नासवतात. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर कागदाच्या पुड्या बांधा, दिवसाआड एक, आणि बाकीचं खाणं कपाटात कुलूपबंद करा. शेजाऱ्यांचं प्रेम उपासापेक्षा घातक असतं.

पाणी कधी आणि कसं बदलायचं?

आठवड्यातून एकदा २५ टक्के, म्हणजे २० लिटरच्या टँकमधून ५ लिटर. हीटर आणि पंप बंद करा. सायफनच्या नळीने तळाची घाण ओढत पाणी बादलीत काढा. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असावं आणि तापमान टँकएवढं. हिवाळ्यात त्यात थोडं गॅसवर गरम केलेलं पाणी मिसळून थर्मामीटरने बघा. एक अंशाचा फरक चालेल, चार अंशांचा नाही. पाणी तळहातावर किंवा बशीवर हळूच ओता.

सगळं पाणी काढून, टँक साबणाने घासून, पुन्हा भरणं ही दर रविवारची हौस बऱ्याच घरांत असते. टँक लखलखतो आणि दोन दिवसांत मासा आजारी पडतो, कारण दर रविवारी त्याचा टँक पुन्हा ‘नवा’ होतो. साबण तर टँकजवळ आणूच नका.

वाळू कोणती? गणपतीपुळ्याहून आणलेले शिंपले टाकले तर छान दिसतील.

दिसतील. पण शिंपले, शंख, पोवळं म्हणजे चुना. तो विरघळत राहतो आणि पाणी जड करत नेतो. कोणत्याही दगडावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो टँकबाहेर. काळा बेसाल्ट चालतो, पण मुठेच्या पात्रातला उचलू नका, त्या पाण्यात शहराचं सांडपाणी आहे.

सजावटीची वस्तू पंख फाडेल का हे पाहायला तिच्यावरून जुनी जॉर्जेटची ओढणी ओढा. धागा अडकला तर पंखही अडकेल. प्लास्टिकची बहुतेक झाडं या परीक्षेत नापास होतात.

खरी झाडं कोणती टिकतात?

जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास, कमी उजेडातही. त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा. मनीप्लांटची फांदी टँकच्या काठावर अडकवून मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेट शोषून घेते. मासा मुळं खाऊन जगतो ही मात्र दंतकथा. पृष्ठभागावर तरंगणारी झाडं निम्म्याहून जास्त जागा झाकू देऊ नका, त्याला वर येऊन श्वास घ्यायचा असतो. दिवा दिवसाला ८ तास पुरे.

बदामाची पानं टाकतात ती कोणती?

आपल्या रस्त्यांकडेला, शाळांच्या आवारात असतो तो देशी बदाम, मोठ्या रुंद पानांचा. दुकानात त्याचीच पानं पाकिटात घालून विकतात. लाल-तपकिरी होऊन आपोआप गळलेलं, बुरशी नसलेलं पान घ्या. हिरवं तोडू नका. रहदारीच्या रस्त्यावरचं आणि औषध फवारलेल्या बागेतलं नको. धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, वापरताना पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून मग टाका. २० लिटरला हाताएवढं एक पान. दोन-तीन दिवसांत बुडतं, पाणी फिक्या चहासारखं होतं. तीन-चार आठवड्यांनी नुसत्या शिरा उरल्या की बदला.

त्यातल्या टॅनिनमुळे बुरशीला थोडा आळा बसतो, मासा निवांत होतो. पण हे औषध नव्हे, आणि घाण पाण्याला पर्याय तर नाहीच.

सोबत दुसरा मासा ठेवता येईल?

दोन नर कधीच नाहीत, मधे काच असली तरी सतत एकमेकांना दिसू नयेत. नर-मादीही कायम एकत्र नाहीत. गप्पीच्या रंगीत शेपटीला तो दुसरा फायटर समजतो. टायगर बार्ब त्याचे पंख कुरतडतो. गोल्डफिशला गार पाणी हवं आणि तो घाणही भरपूर करतो. २० लिटरमध्ये एखादी नेराइट गोगलगाय, बस. ६० लिटरचा टँक असेल तर सहा छोटे कोरिडोरास चालू शकतात, तरी वेगळ्या टँकची तयारी ठेवा. काही फायटर कोणालाच खपवून घेत नाहीत.

त्याला एकटं वाटत नाही. ती काळजी माणसाची.

पैदास करून बघावी का?

शंभर बरण्या ठेवायला जागा आहे का, ते आधी बघा. नर बुडबुड्यांचं घरटं करतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो, मादीला लगेच वेगळं काढावं लागतं. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात, आणखी दोन-तीन दिवसांत पोहू लागतात. तेव्हा नरही काढायचा. पिल्लांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग ताजा उबवलेला आर्टेमिया लागतो, दिवसातून तीन-चारदा. पहिले काही आठवडे वरची हवा उबदार राहावी म्हणून टँक झाकून ठेवावा लागतो. दोन-तीन महिन्यांनी नर भांडू लागले की प्रत्येकाला वेगळं भांडं.

नुसतं बुडबुड्यांचं घरटं दिसलं तर तो मोठा झाला एवढंच समजा. वाईट पाण्यातही नर घरटी करतात.

दुकानात मासा कसा निवडायचा आणि घरी कसा सोडायचा?

पेला हातात घ्या. बोट हलवल्यावर मासा वळून बघायला हवा. पंख उघडे, पोट सपाट-गोल, खवले बसलेले, डोळे स्वच्छ. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून अंगावर सोनेरी धूळ नाही ना ते पाहा. दुकानदाराला दोन गोळ्या टाकायला सांगा. खाल्ल्या तर घ्या. सर्वात मरगळलेल्या माशाची दया येते, पण तो घेतलात तर त्याच्या जागी दुसरा येतो.

घरी टँकचा दिवा बंद करा. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत, अर्धा-पाऊण तास. मासा हाताने किंवा मऊ जाळीने उचला, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पहिल्या दिवशी खाणं नाही. झाकण लावा, हा उडी मारतो, आणि पहिल्या रात्री हमखास.

आजार ओळखायचे कसे?

कोणतंही औषध टाकण्याआधी दोन गोष्टी: थर्मामीटर बघा, अमोनिया तपासा. बऱ्याचदा ३० टक्के पाणी बदलून आणि तापमान २७ वर आणूनच काम भागतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. तापमान दिवसाला एक अंश वाढवत २९ वर न्या आणि इकचं औषध पाकिटाप्रमाणे द्या. परजीवी माशाच्या कातडीत असताना औषध त्याला लागत नाही, पाण्यात मोकळा असतानाच लागतं. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर औषध थांबवायचं नाही.

सोनेरी-गंजकट धूळ, पंख मिटलेले, अंग दगडाला घासणं: वेल्व्हेट. टँक झाकून अंधार करा, त्या परजीवीला उजेड लागतो. तांबं असलेलं औषध गोगलगायीला मारतं, तिला आधी काढा.

पंखांच्या कडा काळपट किंवा लालसर होऊन झिजत असतील तर फिन रॉट. रोज २०-२५ टक्के पाणी बदलणं हाच मुख्य उपचार. जोडीला वेगळ्या टबमध्ये मीठ: खडे मीठ लिटरला १ ग्रॅम, आधी विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत, जास्तीत जास्त १० दिवस. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर बदललेल्या पाण्यापुरतंच पुन्हा घालायचं. पंख सरळ चिरला असेल आणि कडा स्वच्छ असतील तर तो रोग नाही, काहीतरी लागलंय.

पोट फुगलंय, तिरका पोहतोय: दोन-तीन दिवस उपास, मग डॅफ्निया. पण खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर ती ड्रॉप्सी. आतले अवयव निकामी होत आल्याची ती खूण, त्यातून वाचणारे थोडे.

मेथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये ओतू नका. जिवाणू मरतात, सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात. आणि माणसाच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आरसा दाखवला की फुलतो. रोज दाखवू?

दोन-तीन मिनिटं, दिवसाआड. तेवढा व्यायाम पुरे. टँकची काचच आरशासारखी दिसत असेल तर मागे काळा कागद लावा, नाहीतर तो दिवसभर स्वतःशीच भांडतो.

किती वर्षं जगतो?

दोन ते चार. दुकानात येतो तेव्हाच तो बहुतेक सहा महिने ते वर्षाचा असतो, हे त्यात धरा.

आता सांभाळणं जमत नाही. पाषाण तलावात सोडू का?

नाही. नदी, तलाव, मंदिराचं कुंड, कुठेही नाही. तो थंडीत मरेल, नाहीतर त्याच्यासोबतचे परजीवी तिथल्या माशांना लागतील. दुकानदाराला परत द्या किंवा टँकसकट कोणाला तरी द्या.

टँकमधून काढलेलं पाणी कुंड्यांना घातलं तर?

जरूर. नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. फक्त त्या आठवड्यात मीठ किंवा औषध टाकलं असेल तर ते पाणी मोरीत, तुळशीला नाही.